पार्टनर म्हणवणारा स्पर्धक: भारतीय स्पर्धा आयोगास खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
भारतीय स्पर्धा आयोग,
नवी दिल्ली.

विषय: चॅटबॉटच्या धंद्यात पुरवठादारानेच आपल्या पार्टनरच्या गिऱ्हाइकाला परस्पर माल विकण्याबाबत.

महोदय,

महापे एमआयडीसीतल्या एका गाळ्याच्या पोटमाळ्यावर आमचं ऑफिस आहे. खाली प्लास्टिकच्या झाकणांचं मोल्डिंग चालतं, त्यामुळे आमच्या प्रत्येक व्हिडिओ कॉलवर मागून ठकठक ऐकू येते. तिथे बसून आम्ही सहा जण मराठीत बोलणारे चॅटबॉट तयार करतो. दवाखान्यांसाठी, क्लासेससाठी, हाउसिंग सोसायट्यांसाठी. एआयचं मूळ मॉडेल, म्हणजे प्रश्न समजून उत्तर तयार करणारं इंजिन, आमचं नाही. ते एका मोठ्या परदेशी कंपनीकडून वापराप्रमाणे पैसे मोजून घेतो, त्यावर आमचं काम चढवतो आणि ठाणे-पनवेल पट्ट्यात विकतो. आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये एआय आणि स्पर्धा या विषयावर जो बाजार अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भारतातले बहुतेक एआय स्टार्टअप दुसऱ्याच्या मॉडेलवर आपलं अॅप उभारतात असं नोंदवलं आहे. त्या बहुतेकांतलेच आम्ही.

तो अभ्यास मी ठाणे-घणसोली लोकलमध्ये उभ्याने दोनदा वाचला. दोन्ही वेळा एकाच जागी अडले. कंपन्यांनी आपापल्या एआय यंत्रणा स्पर्धा कायद्याच्या दृष्टीने स्वतःच तपासाव्यात, असं तिथे सुचवलंय. स्वतःच. आयोगाच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण माझ्यासारखीला ज्याची गरज आहे ती गोष्ट त्या शिफारशीतून मिळणार नाही, आणि हे गप्प राहून चालणार नाही असं वाटलं म्हणून हे पत्र.

आधी काय घडलं ते सांगते.

कल्याणपासून पनवेलपर्यंत अकरा कलेक्शन सेंटरं असलेली एक पॅथॉलॉजी लॅब आमची गिऱ्हाईक होती. बॉट सुरू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी विचारलं, ‘उद्या शुगरची टेस्ट आहे, उपाशी यायचं का?’ बॉट म्हणाला, हो, उपवास करा, फळं आणि साबुदाण्याची खिचडी चालेल. रिसेप्शनवरच्या मुलीने ते वेळेत पाहिलं म्हणून बरं. नाहीतर बाई खिचडी खाऊन आल्या असत्या आणि शुगर किती आली असती ते सांगायला नको. मॉडेलच्या लेखी उपाशी आणि उपवास एकाच पेटीतले. आपल्याकडे एकाने पोट रिकामं राहतं आणि दुसऱ्याने बहुधा जास्तच भरतं.

मग आम्ही वही घातली. कोरा चहा चालेल का, बीपीची गोळी घेऊन येऊ का, बाळाला पाजून आणलं तर चालेल का, काल रात्री लग्नात जेवले तर कोलेस्टेरॉल आजच करू की उद्या. माझी भागीदार महिनाभर नौपाड्याच्या सेंटरवर सकाळी सात ते दहा बाकावर बसायची, रांगेतले लोक काय आणि कसं विचारतात ते लिहून घ्यायला. चार महिन्यांत साडेतीन हजार प्रश्न आम्ही हाताने तपासले. त्यानंतर बॉट माणसासारखा बोलायला लागला.

आता फॉर्मची गोष्ट. आम्ही त्या पुरवठादार कंपनीच्या पार्टनर प्रोग्रॅममध्ये आहोत. नवीन गिऱ्हाईक मिळालं की त्यांच्या पोर्टलवर ‘डील रजिस्ट्रेशन’ करायचं असतं, तरच दरात सवलत मिळते. फॉर्ममध्ये काय काय विचारतात? गिऱ्हाइकाचं नाव, निर्णय कोण घेतं, त्याचा मोबाइल, वर्षाचं बजेट, महिन्याला अंदाजे किती मेसेज, कराराचं नूतनीकरण कधी, स्पर्धक कोण. मी स्वतः भरला. निर्णय घेणाऱ्याच्या रकान्यात लॅबच्या मालकांचं नाव टाकलं, कारण कागदोपत्री तिथे व्यवस्थापक वेगळा आहे पण सही मालकच करतात. ही गोष्ट कळायला आम्हाला दोन महिने लागले होते.

आठ महिन्यांनी, नूतनीकरणाला तीन आठवडे असताना, मालकांचा फोन आला. ‘मॅडम, तुमच्या कंपनीचे लोक येऊन गेले. छान माहिती दिली त्यांनी.’

मी विचारलं, आमच्या कोणत्या कंपनीचे?

पुरवठादार कंपनीच्या थेट विक्री विभागाचे दोघे जण गेले होते. आरोग्यसेवेसाठीचा तयार सहाय्यक, पहिलं वर्ष जवळजवळ फुकट, आणि आपण ज्यांच्याकडून घेता ते शेवटी आमचंच मॉडेल वापरतात, हे वर. मालक सज्जन माणूस. म्हणाले, ‘मला वाटलं, तुम्हीच पाठवलंत त्यांना.’

आमचा करार संपला. पार्टनर मॅनेजरना ईमेल केली. अत्यंत नम्र उत्तर आलं की थेट विक्री हा वेगळा विभाग आहे, दोन विभागांत माहितीची देवाणघेवाण होत नाही, ग्राहक निवडीला मोकळा आहे, आणि आमच्या कराराच्या अमुक कलमानुसार कंपनी कोणालाही थेट विकू शकते. ते कलम खरंच आहे. सही माझीच आहे. फॉर्ममधली माहिती पलीकडे गेली याचा पुरावा माझ्याकडे नाही. व्यवस्थापकाला वगळून ते थेट मालकांकडे आणि नेमके नूतनीकरणाच्या तोंडावर कसे गेले, हा प्रश्न तेवढा आहे. नुसत्या प्रश्नावर कुणाचं नाव छापणं मला बरोबर वाटत नाही, म्हणून या पत्रात त्या कंपनीचं नाव नाही.

नवा बॉट मी बहिणीच्या फोनवरून तपासला. ‘कोरा चहा चालेल का’ विचारलं. उत्तर बरोबर आलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

त्या रात्री घरी वडिलांना सांगितलं. ते वाशीच्या दाणा बाजारात एका पेढीवर तीस वर्षं मेहताजी होते. त्यांना चॅटबॉट म्हणजे काय ते नीट माहीत नाही, पण सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, ‘मग गिऱ्हाईक त्यांनी नेलं, तर तुझी दलाली किती दिली?’ काहीच नाही म्हटल्यावर ते बराच वेळ पानाची चंची उघडझाप करत बसले. त्यांच्या पेढीवर नियम होता की एका व्यापाऱ्याचं गिऱ्हाईक दुसऱ्या मार्गाने गाळ्यावर आलं तरी वहीत पहिल्याचं नाव लिहायचं. नियम लेखी नव्हता. न पाळणाऱ्याशी पुढच्या हंगामात कोणी बोलत नसे, एवढंच.

मला मुद्दा मांडायचाय तो ‘पार्टनर’ या शब्दाचा. खरी भागीदारी कायद्याला माहीत आहे. १९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याचं कलम १६ सांगतं की एखाद्या भागीदाराने पेढीशी स्पर्धा करणारा तसाच धंदा केला, तर त्यातला सगळा नफा त्याने पेढीला आणून द्यायचा. माझ्यासमोरच्या टेबलावर बसणारी माझी भागीदार उद्या आमच्याच गिऱ्हाइकाला परस्पर बॉट विकू लागली, तर मी कोर्टात जाऊ शकते. (ती तसं करणार नाही. आम्ही दहावीपासून एका बाकावर आहोत, आणि तिला ईमेल लिहायचा कंटाळा आहे.) पण पोर्टलवर आम्हाला ‘पार्टनर’ म्हणणाऱ्या, चांदीचा बिल्ला देणाऱ्या, दिवाळीला ड्रायफ्रूटचा डबा पाठवणाऱ्या कंपनीच्या करारात एक ओळ असतेच की या करारामुळे दोघांत कायदेशीर भागीदारी निर्माण होत नाही. नाव भागीदाराचं, हिशेब परक्याचा.

मोठे लोक हा खेळ एकमेकांशीही खेळतात, हे मला मान्य आहे. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयमध्ये १०० कोटी डॉलर घातले, पुढे तो आकडा १,३०० कोटींच्या वर गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनएआयने कंपन्यांसाठी चॅटजीपीटी एंटरप्राइझ आणलं, म्हणजे मायक्रोसॉफ्ट ज्या कार्यालयांत तेच तंत्र विकत होती तिथेच दुसरं दुकान. २०२४ च्या वार्षिक अहवालात मायक्रोसॉफ्टने ओपनएआयचं नाव स्पर्धकांच्या यादीत घातलं. सप्टेंबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ऑफिसच्या कोपायलट या एआय सहाय्यकात अँथ्रोपिक या दुसऱ्या एआय कंपनीची मॉडेलंही घेतली. त्या अँथ्रोपिकमध्ये पैसा अॅमेझॉनचा आणि गुगलचा, आणि गुगलचं स्वतःचं जेमिनी हे मॉडेल अँथ्रोपिकशीच भिडतं. वरपासून खालपर्यंत सोयरीक आणि भाऊबंदकी एकाच मांडवात.

पण फरक बघा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि ओपनएआयने नव्याने करार केला तेव्हा मायक्रोसॉफ्टला सुमारे २७ टक्के हिस्सा मिळाला, तंत्रज्ञानाचे हक्क २०३२ पर्यंत बांधून मिळाले, आणि ओपनएआयने मायक्रोसॉफ्टचीच २५,००० कोटी डॉलरची क्लाउड सेवा (भाड्याची संगणकशक्ती) घ्यायचं कबूल केलं. त्यांचं भांडण वकिलांच्या टेबलावर बसून मिटतं. आमचं भांडण सुरू होण्याआधीच संपलेलं असतं, कारण अटी ‘मी सहमत आहे’ या बटणात असतात. मधल्या आकाराच्या कंपन्यांचीही गत फार वेगळी नाही. जून २०२५ मध्ये विंडसर्फ या कोडिंग साधनाच्या कंपनीने जाहीर सांगितलं की आपल्याला होणारा मॉडेलचा पुरवठा अँथ्रोपिकने पाच दिवसांपेक्षा कमी मुदतीत जवळजवळ तोडला. तेव्हा ओपनएआय विंडसर्फ विकत घेणार अशा बातम्या होत्या. आपल्या स्पर्धकाला आपणच माल का द्यावा, हा अँथ्रोपिकचा मुद्दा समजण्यासारखा आहे. मला तोही पटतो. पण पाच दिवस! आमच्या सोसायटीचा टँकरवालाही पाणी बंद करण्याआधी आठवड्याची नोटीस देतो.

आता तक्रारी. क्रमाने सांगते, पण सगळ्यांचं वजन सारखं नाही.

पहिली आणि सगळ्यात मोठी, माहितीची. मोठ्या कंपन्या म्हणतात, तुमच्या ग्राहकांच्या संभाषणावर आम्ही मॉडेल शिकवत नाही. ओपनएआयने एपीआयसाठी, म्हणजे आमच्यासारख्यांनी आपल्या अॅपला जोडून घ्यायच्या सेवेसाठी, हे धोरण मार्च २०२३ पासून ठेवलंय, इतरांचीही अशी धोरणं आहेत, आणि ती पाळली जातात असं मी धरून चालते. पण संभाषण न वाचताही धंदा कळतो. आमच्या खालच्या मोल्डिंगवाल्याच्या विजेच्या मीटरवरून त्याला केव्हा ऑर्डर आली, रात्रपाळी कधी सुरू झाली, कोणत्या महिन्यात हात आखडला, सगळं समजतं. उद्या वीज देणाऱ्यानेच झाकणांचा कारखाना काढला तर? आमचं मीटर पुरवठादाराच्या डॅशबोर्डवर चोवीस तास फिरतं. कोणत्या क्षेत्रातलं गिऱ्हाईक, रोज किती मेसेज, दर महिन्याला वाढ किती, मराठी किती, हिंदी किती. वरून डील रजिस्ट्रेशनचा फॉर्म. कुठल्या गल्लीत दुकान चालेल हे शोधायला आम्ही दोन वर्षं चपला झिजवल्या. त्यांना ते बसल्या जागी दिसतं.

गंमत म्हणजे यावरचा इलाज सरकारी कागदावर लिहून तयार आहे. मार्च २०२४ मध्ये आलेल्या डिजिटल स्पर्धा विधेयकाच्या मसुद्यात तरतूद होती की मोठ्या मंचाने आपल्या व्यावसायिक वापरकर्त्यांची अप्रकाशित माहिती त्यांच्याशीच स्पर्धा करायला वापरू नये. युरोपात अशीच बंदी मार्च २०२४ मध्ये सहा बड्या कंपन्यांना लागू झाली. आपल्याकडे त्या मसुद्याचा अजून कायदा झालेला नाही. झाला असता तरी त्यातल्या सेवांच्या यादीत शोध होता, समाजमाध्यमं होती, क्लाउड होतं. चॅटबॉट किंवा एआय मॉडेल असं वेगळं काही नव्हतं.

दुसरी तक्रार दराची. कच्चा माल ज्याच्याकडून घ्यायचा, तोच पक्का माल फुकट वाटतो. मग आमची मान दोन्हीकडून आवळली जाते. खालून टोकनचा, म्हणजे मजकुराच्या ज्या तुकड्यांवर बिल येतं त्यांचा, दर त्याच्या हातात, वरून बाजारभाव त्याच्या हातात. श्रेय द्यायचं तिथे देते. मे २०२४ मध्ये ओपनएआयच्या नव्या मॉडेलने देवनागरीची टोकनं जवळजवळ तिपटीने कमी केली, तेव्हा मराठीत काम करणाऱ्या सगळ्यांचीच बिलं हलकी झाली. तोवर आपली लिपी वापरायचा आपण इंग्रजीच्या कितीतरी पट दंड भरत होतो. तो दिवस आम्ही घणसोली स्टेशनबाहेर वडापाव खाऊन साजरा केला. पण दर उतरतो तसा चढवताही येतो, आणि चढवायचा की नाही हे माझा स्पर्धक ठरवतो.

फुकटाबद्दल थोडं अधिक. जुलै २०२५ मध्ये एअरटेलने ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो हे एआय शोधसाधन वर्षभर मोफत दिलं. ऑक्टोबरमध्ये जिओने गुगलचं जेमिनी प्रो १८ महिने मोफत जाहीर केलं, किंमत ३५,१०० रुपये सांगून. ४ नोव्हेंबरपासून ओपनएआयने महिना ३९९ रुपयांचं चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर मोफत केलं. घणसोलीला आमच्या ऑफिसपासून रिक्षाने दहा मिनिटांवर जिओचं मुख्यालय आहे. तिथे काम करणाऱ्या माझ्या मैत्रिणीने मला त्या योजनेची लिंक पाठवली आणि खाली लिहिलं, ‘घे ना, फुकट आहे.’ मीही घेतलं. सामान्य ग्राहक म्हणून मला यात चैनच आहे. पण या महिन्यात एका क्लासवाल्या सरांनी आमचं कोटेशन बघून मोबाइल पुढे केला, ‘हे तर मला सिमकार्डाबरोबर मिळालंय.’ त्यांना समजावणं अवघड जातं की पालकांना फीची तारीख सांगणारा, हजेरी तपासणारा, ‘सर, बंटीला ताप आहे’ वाचून रजा लावणारा बॉट आणि सिमबरोबर मिळालेला बॉट या दोन वेगळ्या वस्तू आहेत. हा माल तोट्यात विकून बाजार काबीज करण्याचा प्रकार आहे की नवीन वस्तूची चव दाखवण्याचा, हे मी ठरवू शकत नाही. ते ठरवायलाच तर आयोग आहे.

तिसरी, नियम बदलण्याची. व्हॉट्सअॅपच्या बिझनेस मंचावर सर्वसाधारण गप्पा मारणारे एआय चॅटबॉट १५ जानेवारी २०२६ पासून बंद, असं मेटाने २०२५ च्या ऑक्टोबरात जाहीर केलं. मेटाचा स्वतःचा एआय मात्र त्याच अॅपमध्ये वरच निळ्या वर्तुळात बसलेला. आमच्यासारख्या अपॉइंटमेंट आणि रिपोर्टच्या बॉटना त्यातून सूट आहे, त्यामुळे आम्हाला थेट झळ बसली नाही. पण आमचा बॉट ‘गप्पा मारणारा’ कधी ठरेल, ही रेघ कोण ओढणार? आजींनी रिपोर्ट विचारता विचारता ‘गुडघ्याला तेल कोणतं लावू’ असं विचारलं, आणि बॉटने उत्तर दिलं, तर? इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश देऊन तो नियम तिथल्यापुरता रोखला. युरोपीय आयोगानेही त्याच महिन्यात चौकशी सुरू केली. भारतात व्हॉट्सअॅपवर अख्खा बाजार चालतो, किराण्याच्या यादीपासून सोसायटीच्या भांडणांपर्यंत. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सअॅपच्या गोपनीयता धोरणावरून मेटाला २१३ कोटींचा दंड करणारा आयोग हाच. म्हणून अपेक्षाही तुमच्याकडूनच.

चौथी छोटी आहे. मॉडेल निवृत्त करतात तेव्हा मुदत पुरेशी देत नाहीत. नवं मॉडेल हुशार असतं, पण जुन्याला शिकवलेला उपाशी-उपवास नव्याला परत शिकवावा लागतो. साडेतीन हजार प्रश्न पुन्हा तपासायला आम्हाला चार महिने लागतात.

तुम्ही म्हणाल, मग रीतसर माहिती दाखल करा. स्पर्धा कायद्याचं कलम १९ आहे. विचारलं मी एका वकिलांना, नौपाड्यातच. त्यांनी चहा पाजून तीन अडचणी सांगितल्या. कलम ४ लावायचं तर पुरवठादार बाजारात वरचढ आहे हे दाखवावं लागतं. मॉडेल विकणाऱ्या पाच-सहा मोठ्या कंपन्या आहेत, एकटी कोणतीच निर्विवाद वरचढ नाही. आणि अनेकांचं मिळून वर्चस्व ही कल्पना आपल्या कायद्यात नाही. कलम ३ खाली उभ्या कराराचा, म्हणजे पुरवठादार आणि विक्रेता यांच्यातल्या कराराचा, मुद्दा काढता येईल, पण स्पर्धेवर लक्षणीय विपरीत परिणाम झाला हे एका लॅबच्या आणि एका क्लासच्या उदाहरणावरून सिद्ध होणार नाही. तिसरी अडचण आमच्या करारातलं गोपनीयतेचं कलम. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीनंतर घटनेपासून तीन वर्षांची मुदत, ती चालूच आहे.

बाजारात वरचढ नसलेला पुरवठादार माझ्यापुरता वरचढ असतो, ही गोष्ट कायद्याला कळू शकते. जर्मनीच्या स्पर्धा कायद्यात छोटा उद्योग ज्याच्यावर अवलंबून आहे त्याच्या सापेक्ष ताकदीचं वेगळं कलम आहे. जपानमध्ये सौद्यातल्या वरच्या हाताचा गैरवापर ही स्वतंत्र अनुचित व्यापार पद्धत मानतात. आणि लांब कशाला, आपल्याच देशात परकीय गुंतवणुकीच्या ई-कॉमर्स नियमांत १ फेब्रुवारी २०१९ पासून बाजारपेठ चालवणाऱ्याला, जिच्यात आपला हिस्सा आहे अशा कंपनीचा माल त्या बाजारपेठेत विकायला मनाई केली गेली. मंडईचा मालक आणि मंडईतला भाजीवाला एकच असू नये, हे तत्त्व आपल्याला नवं नाही. ते चॅटबॉटपर्यंत पोचलेलं नाही, इतकंच.

माझ्या मागण्या जमिनीवरच्या आहेत.

पार्टनरने नोंदवलेल्या गिऱ्हाइकाची माहिती पुरवठादाराच्या थेट विक्री विभागाला दिसता कामा नये. ती कोणी, कधी उघडली याची नोंद ठेवावी, आणि ती नोंद आयोगाने मागितल्यावर दाखवावी. भिंत आहे असं म्हणता ना, मग भिंतीला दार कुठे आहे आणि किल्ली कुणाकडे, हे लेखी हवं. स्वतःच केलेल्या तपासणीची शिफारस ठेवायची असेल तर ठेवा, पण निदान या एका मुद्द्यावर ती बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून करून घ्या. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या ही म्हण मी इथे लावत नाही, कारण कुणी चोर आहे असं मला म्हणायचं नाही. सावकारही आपली वही आपणच तपासत नाही, एवढंच म्हणते.

नोंदवलेल्या गिऱ्हाइकाकडे पुरवठादाराला थेट जायचंच असेल, तर पार्टनरला आधी कळवावं, आणि ठरावीक काळ त्याला मोबदला मिळावा. वडिलांच्या पेढीवर हे वहीतल्या एका ओळीत होत असे.

दर, अटी किंवा मॉडेल बदलताना किमान ९० दिवसांची नोटीस. युरोपात ऑनलाइन मध्यस्थांना व्यावसायिक वापरकर्त्यांसाठी अटी बदलताना किमान १५ दिवस आधी कळवण्याचा नियम २०२० मध्ये लागू झाला; आमच्या कामाला १५ दिवस पुरणार नाहीत, म्हणून ९०.

मोबाइल कंपन्या आणि एआय कंपन्यांच्या मोफत योजनांची आयोगाने स्वतःहून तपासणी करावी. दंड करा असं मी म्हणत नाही. मोफतचा काळ संपल्यावर दर काय असेल आणि ग्राहकाला आपला सगळा इतिहास घेऊन दुसरीकडे जाता येईल का, हे दोन प्रश्न विचारा.

गोपनीयतेचं कलम असलेल्या लहान पुरवठा-साखळीतल्या लोकांना नाव उघड न होता आयोगापुढे कागद ठेवता येतील, अशी साधी सोय करा. आणि पुढचा अभ्यास कराल तेव्हा एक सुनावणी इकडे ठेवा. ऐरोलीपासून महाप्यापर्यंत डेटा सेंटरच्या बिनखिडक्यांच्या इमारती उभ्या आहेत. त्यांच्याच सावलीत, वागळे इस्टेटमध्ये, तुर्भ्यात, कोपरखैरण्यात आमच्यासारख्या किती पोटमाळ्यांवर लोक बसलेत ते दिल्लीहून दिसत नाही. सुनावणी मराठीत आणि हिंदीत ठेवलीत तर आमचे गिऱ्हाईकही येतील. लॅबचे मालक येतील असं मला वाटतं. त्यांना अजूनही चुकल्यासारखं वाटतंय. गणपतीत त्यांनी आठवणीने मोदक पाठवले.

पार्टनर प्रोग्रॅम आम्ही सोडलेला नाही, हेही सांगून टाकते. सोडला तर सवलत जाते आणि सोसायट्यांचे नऊ बॉट तोट्यात जातात. गेल्या आठवड्यात कोपरखैरण्याच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याने होकार दिला. पोर्टलवर फॉर्म उघडून ठेवलाय. निर्णय कोण घेतं, हा रकाना अजून रिकामा आहे.

आपली,
मराठी चॅटबॉट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीची संचालक,
महापे, नवी मुंबई